तिनं मला घातलं होतं

मी पाठीचा पट्टा आहे. पँटला लावतात तो नव्हे. काखेपासून कुल्ल्यापर्यंत अंगाला वेढून बसणारा, टणक पांढऱ्या प्लास्टिकचा. डॉक्टर मला ब्रेस म्हणायचे. जिच्या अंगावर मी पावणेदोन वर्षं काढली ती मुलगी मला डबा म्हणायची. मला राग यायचा नाही. टकटक केलं की आवाज डब्यासारखाच येतो.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई घरीच शिवणकाम करायची. लेकीचा नवा फ्रॉक एका बाजूनं उचललेला दिसला, तेव्हा आईनं आधी स्वतःच्या मापाला दोष दिला. उसवून पुन्हा शिवला. पुन्हा तेच. मग तिनं मुलीला पुढे वाकायला सांगितलं, तर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं वर. मावशी म्हणाली, "दप्तराचं ओझं गं, दुसरं काय! आणि बसते बघ कशी, प्रश्नचिन्हासारखी." आई हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, म्हणून मला ठाऊक.

डॉक्टरांनी मात्र एक्स-रे पाहून सांगितलं, "याला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला वळलाय, अठ्ठावीस अंश. दप्तरानं होत नाही, वाकून बसल्यानंही नाही. बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही."

त्यांनी पट्टा सुचवला तेव्हा आईनं विचारलं, "पट्ट्यानं सरळ होईल ना?"

"सरळ करायला नाही, बाक वाढू नये म्हणून. वाढीचं वय संपेपर्यंत रोज वीस तास घालायचा. तरी काहींचा वाढतो. मग ऑपरेशन."

आईनं त्यातलं 'वीस तास' तेवढं पक्कं धरलं.

मला एका वयस्कर कारागिरानं बनवलं. मुलीच्या धडाचा प्लास्टरचा साचा घेतला, जिथं दाबायचं तिथं तो तासला, भट्टीत मऊ झालेलं प्लास्टिक त्यावर ओढलं. आत फोमच्या गाद्या, मागं तीन बंद. बंद किती ओढायचे त्याची खूण त्यानं पेनानं केली आणि मुलीला म्हणाला, "पहिला महिना मला शिव्या देशील. दे खुशाल."

तिनं दिल्या नाहीत. आतून बिनशिवणीची बनियन, वर मी, माझ्यावर एक माप मोठा शर्ट. जेवण निम्म्यावर आलं. खाली पडलेलं पेन उचलायला ती गुडघ्यांवर बसायची. कमरेवरची कातडी आधी लाल झाली, मग काळपट, मग तिथं काही कळेनासं झालं. वर्गातल्या मुली फूटपट्टीनं माझ्यावर ठोकून बघायच्या. ती म्हणायची, "वाजवा." आणि वही लिहीत राहायची.

अंघोळ आणि व्यायाम सोडला तर ती मला काढायची नाही. शाळेत नाही, झोपेत नाही, मामाच्या लग्नात नाही. हे मी सांगू शकतो, कारण मी तिथं होतो.

सहा महिन्यांनी एकतीस अंश. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. वर्षानं एकोणचाळीस. डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "नीट घालते ना?"

एवढंच विचारलं त्यांनी. घरी येताना आई रिक्षात म्हणाली, "खरं सांग. शाळेत काढून ठेवतेस ना?"

"नाही."

"मग वाढलं कसं?"

 

त्यानंतर रोज. दार उघडताना, ताट वाढताना, वेणी घालताना. "आज काढला होतास?" आईनं वर्गशिक्षिकेलाही विचारून पाहिलं. ती म्हणाली, शर्टाच्या आतलं मला कसं दिसणार? मुलगी 'नाही' म्हणायची, आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसती मान हलवून. एका संध्याकाळी शिवणयंत्र मध्येच थांबवून आईनं पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, "हो. काढते."

मी तिच्या अंगावरच होतो. ती हे म्हणाली तेव्हा तिचा श्वाससुद्धा हलला नाही. आईनं यंत्राची सुई कापडातून वर काढली. मग म्हणाली, "आपल्या हातानं करून घेतलंस." आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

सत्तेचाळीस अंशांवर ऑपरेशन ठरलं. कण्याला दोन सळया आणि स्क्रू बसवले. ती दोन बोटं उंच होऊन घरी आली. माझं काम संपलं.

आईनं मला पिशवीत घालून कारागिराकडे नेलं. "दुसऱ्या कुणाच्या पोरीला उपयोगी पडेल का?"

"दुसऱ्याच्या मापाचा नाही होत हा." तो मला परत देणार होता, पण त्यानं सवयीनं उलटा करून पाहिला. गाद्या पापडासारख्या चपट्या झालेल्या. कडा झिजून गुळगुळीत. बंद दोनदा बदललेले, तरी पुन्हा पकड सुटलेली. "छान घातला हो पोरीनं."

"शाळेत काढायची ती."

"कोण म्हणालं? काढून ठेवलेला पट्टा असा होत नाही. तीस वर्षं हेच बघतोय."

"मग वाढलं कसं?"

"घालूनही वाढतं काहींचं. डॉक्टर बोलले असतील."

आई तिथल्या बाकावर बसली. कारागिरानं पाणी दिलं, ते तिच्या हातात तसंच राहिलं.

घरी आल्यावर तिनं मला खुर्चीवर ठेवलं. मुलगी कुशीवर पडली होती. "तू 'हो' का म्हणालीस गं?"

मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही म्हटलं की तू परत विचारायचीस. हो म्हटल्यावर थांबलीस."

आवाजात राग नव्हता. रडूही नव्हतं. आईनं तिच्या पाठीवर, व्रणाच्या बाजूला हात ठेवला.

"तिथं कळत नाही मला," मुलगी म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. हात तिनं काढला नाही.

आता मी कपाटावर आडवा पडलोय. आत धूळ साचतेय. टाकून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही, खाली काढायचंही येत नाही. तुमच्या घरात कुणाच्या अंगावर माझ्यासारखा पट्टा असेल, तर किती तास घातला ते जरूर विचारा, विचारायलाच हवं. पण 'घातला' असं उत्तर आलं, तर ते एकदाच ऐकून पुरे करा. आम्हाला साक्ष देता येत नाही.