रेवारामच्या छातीचा फोटो

सौंदडचा रेवाराम खोकला की गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपत. गावाला त्याचं काही वाटत नसे. पण लेक गोमतीला आपल्या पोरासाठी बघायला आमगावहून आलेल्या शालीकरामने तो खोकला ऐकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"क्षय असन तं सोयरीक नाई. नागपुरातून छातीचा फोटो काढून आना," म्हणून तो उठला.

रेवारामची बायको कधीच गेली होती. आता क्षयाचा बोभाटा झाला असता, तर पोरीला कुणी दारात उभं केलं नसतं.

नागपूरच्या डॉक्टरने फोटो खिडकीला धरला. "क्षयाचे पांढरे डाग नाहीत. तुमचं सगळं काळं आहे. काळं म्हणजे हवा. फुप्फुसं इतकी फुगलीत की खालचा पडदा सपाट झालाय, हृदय बिचारं मध्ये चेंगरून लांबुडकं झालंय. आणि उजवीकडे वर हा फुगा. बारीक कड सोडली तर आत काहीच नाही. हवा आत जाते, बाहेर यायला मागत नाही. बिडी सोडा."

यातलं 'क्षय नाही' एवढं रेवारामने घेतलं. बाकीचं तो नागपुरातच ठेवून आला.

शालीकराम धानाचा व्यापारी. तो पुन्हा सौंदडला आला, रेवारामच्या अंगणात त्याने फोटो उन्हाकडे धरला आणि पोत्यातलं धान बघावं तसा निरखला.

"सप्पा करपलं न जी, सगळंच काळं."

"करपलं नाई. हवा आहे. डाक्टर म्हने, लय हवा आहे."

"म्हंजे पोचट. दाना दिसाले मोठा, अंदर काई नाई." शालीकरामने चिलमीसाठी आणलेला निखारा पुढे सरकवला. "एवढी हवा आहे तं हा फुका."

रेवारामने छाती फुगवली, गाल फुगवले आणि फुंकर घातली. राखसुद्धा हलली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोमती चुलीपुढची फुंकणी घेऊन बाहेर आली. एका दमात तिने निखारा लाल केला.

"काऊन छळता त्यायले? घरची चूल मीच फुकून राहिली. मी गेल्यावर हा मानूस उपाशी मरन. नाई झालं लग्न तरी चालन मले."

बघायला आलेल्यांसमोर पोरी इतकं बोलत नसत. शालीकरामने सावकाश दोन दम ओढले.

"क्षय नाई न?"

"नाई."

"पोरगी फुकते चांगली. सोयरीक पक्की. तुमीही या लेकीसंग आमगावले."

आता रेवारामच अडून बसला. "लेकीच्या घरचं पानी चालत नाई. नातू होयेपर्यंत तं नाईच." उपाशी मरायला त्याची हरकत नव्हती, चारचौघांत नाव जायला होती.

लग्न झालं. रेवारामने आमगावात व्याह्याच्या कुंपणाबाहेर झोपडी घातली. तांदूळ त्याचे, मडकं त्याचं, चूल त्याची, पाणी गावच्या विहिरीचं. बिडी सुटली, कारण ती पेटवतानाच धाप लागे. गोमती रोज सकाळी यायची, उकिडवी बसून त्याची चूल फुंकायची आणि कशालाही हात न लावता घरी जायची. लेकीचं अन्न चालत नाही, पाणी चालत नाही. फुंकरीबद्दल जुनी माणसं काही सांगून गेली नव्हती.