मधल्या दाराचा पडदा

पार्बताबाई न्हाणीत पडल्या तो मंगळवार होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. थोरली सून मंजुषा माहेरी दर्यापूरला भाच्याच्या बारशाला गेली होती. धाकटी चंदा आजारी मावशीला भेटायला अमरावतीला. भगवंत आणि जीवन हे दोघे मुलगे नेहमीसारखे फुलांच्या दुकानात. सकाळी दहाला पडलेल्या म्हाताऱ्या बाई दुपारी एक वाजता सापडल्या, जीवन डबा न्यायला घरी आला तेव्हा. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, दीड महिना खाटेवर गेला, आणि मग वॉकर धरून त्या पुन्हा चालू लागल्या. सत्याहत्तर वर्षांच्या बाईच्या मानानं हे लवकरच म्हणायचं.

घर मात्र त्या मंगळवारीच मोडलं. मंजुषाचं म्हणणं, चंदानं अमरावतीचं जाणं रद्द केलंय असं सासूबाईंनीच आदल्या रात्री सांगितलं, म्हणून मी सकाळची एस.टी. धरली. चंदाचं म्हणणं, मंजुषाबाई देवळात गेल्यात, अर्ध्या तासात येतील, तू निघ, असं आईच मला म्हणाल्या. दोघींनाही समोरची थाप मारतेय असंच वाटलं. पार्बताबाईंना विचारावं, तर ऑपरेशननंतर त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. भुलीच्या औषधानं असं होतं, असं सगळे धरून चालले.

भांडण चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी मंजुषा बोलून गेली, की जिची स्वतःची माय अचलपूरच्या दवाखान्यात एकटी मेली, ती सासूजवळ काय बसणार. संध्याकाळपर्यंत चंदाची शेगडी आणि भांडी मागच्या खोलीत गेली होती.

डाबकी रोडवरच्या त्या घराला पुढे दोन खोल्या, मागे दोन आणि मध्ये एक दार. पुढचा भाग मंजुषाकडे राहिला, मागचा चंदाकडे. दोघे भाऊ दुकानात एकाच बाकड्यावर बसून हार करत होते आणि एकाच बाटलीतलं पाणी पीत होते. घरात काय झालंय त्यावर ते बोलत नव्हते. मधलं दार विटांनी बुजवून टाकू, असं एकदा निघालं. पण पार्बताबाईंची खाट मंजुषाकडच्या खोलीत होती आणि डॉक्टरांनी सांगितलेला उंच बैठकीचा संडास चंदाच्या बाजूला. बाईंना दिवसातून पाच-सहा वेळा ते दार ओलांडावं लागे. वॉकर धरलेल्या हातांनी दार ढकलता येईना म्हणून भगवंतनं कवाडच काढून ठेवलं. मग झालं असं, की एकीनं कणीक मळायला घेतली की दुसरीला दिसायचं. दोन आठवडे दोघी एकमेकींकडे पाठ करून कणीक मळत राहिल्या आणि शेवटी मंजुषानं पडदा शिवायला काढला.

शिवणाचा तिला नाद होता. लग्नात आणलेली पायमशीन होती, पण बाहेरचं काम तिनं कधी घेतलं नाही. घरात जे उघडं दिसेल त्याला ती कपडा चढवत असे. फ्रीजच्या मुठीला कव्हर, टीव्हीला झालर, जुन्या जीन्सची पायपुसणी, सोफ्याच्या उशांना साड्यांच्या काठांचे अभ्रे. भगवंत म्हणत असे, दुपारी आडवं पडायची भीती वाटते, ही आपल्यालाही खोळ शिवायची.

पडद्यासाठी तिनं सासूबाईंची तीन जुनी लुगडी घेतली. मध्ये ती विरली होती, पण पदर आणि काठ शाबूत होते. चांगला भाग बघून तिनं वीत-वीतभर चौकोन कापले, एक हिरवा, एक जांभळा, एक चटणीच्या रंगाचा, आणि जोडत गेली. दोन्ही कडांना काठ लावले. वॉकरचे पाय अडकू नयेत म्हणून पडदा जमिनीपासून चार बोटं वर ठेवला. चुण्या सारख्या पडल्या. पार्बताबाईंनी खाटेवरून बराच वेळ तो पाहिला आणि हिरवं लुगडं कोणत्या साली घेतलं होतं ते सांगितलं.

हे सगळं मंजुषाच्या बाजूनं. दुसऱ्या बाजूला चौकोनांच्या शिवणी उघड्या होत्या, दोरे लोंबत होते, मशीनच्या गाठी दिसत होत्या. जोडकामाला मागून अस्तर लागतं, हे मंजुषाला चांगलं ठाऊक होतं. तिनं ते लावलं नाही. त्या बाजूला कोण राहतं हेही तिला ठाऊक होतं.

पार्बताबाई एकदा तिकडून येताना म्हणाल्या, की मागून हा पडदा भिकाऱ्याच्या झोळीसारखा दिसतो. मंजुषानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

महिनाभरानं पडदा सरळ आणि जड पडू लागल्याचं तिच्या लक्षात आलं. पंख्याचा वारा लागला तरी तो हलत नव्हता. तिनं कड उलटून पाहिली. मागून पूर्ण मांजरपाट लावलेला होता. चंदाकडे मशीन नव्हती, म्हणजे सगळं हातानं. टाके तांदळाच्या कणीएवढे, आणि एकही टाका पुढच्या बाजूला आलेला नव्हता. चंदाची आई अचलपूरला साड्यांना फॉल लावून द्यायची. हे टाके तसेच होते. आपल्याला न विचारता आपल्या पडद्याला हात लावला, याचा मंजुषाला राग आला. पण दुपारी घरात कोणी नसताना तिनं तो आणखी दोनदा उलटून पाहिला, आणि असे टाके आपल्याला जमणार नाहीत हे तिला कबूल करावं लागलं.

नवरात्राच्या आधी घर साफ करायला काढलं तेव्हा तिनं पडदाही धुतला. वाळल्यावर दारात लावला आणि घोटाळा दिसला. लुगडी वर्षानुवर्षं धुतलेली, त्यांचं जे आटायचं ते कधीच आटून झालं होतं. मांजरपाट मात्र कोरा, न भिजवता लावलेला. तो वीतभर आटला आणि पुढचा कपडा पोत्यासारखा फुगून खाली लोंबू लागला. बघू नंतर, म्हणून मंजुषानं तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाई तिकडे जायला निघाल्या आणि वॉकरचा पुढचा पाय त्या फुगाऱ्यात अडकला. वॉकर तिरपा झाला. मंजुषानं इकडून त्यांचा दंड धरला. त्याच क्षणी पडद्यातून एक हात आला आणि त्यानं दुसरा दंड धरला. बाईंना दोघींनी मिळून खाटेवर आणून बसवलं. सात महिन्यांत चंदा पहिल्यांदाच या खोलीत आली होती. तिचे हात पिठाचे होते आणि सासूबाईंच्या लुगड्यावर पिठाची पाच बोटं उमटली होती.

पडदा आजच्या आज उसवायला हवा, हे कोणी कोणाला सांगायची गरज पडली नाही. मंजुषानं तो काढून खाटेच्या पायथ्याशी पसरला आणि चंदाला ब्लेड दिलं. एक या टोकाला बसली, दुसरी त्या टोकाला. टाके इतके बारीक होते की उसवायला वेळ लागत होता. पार्बताबाई भिंतीला टेकून दोघींचे हात बघत होत्या.

बऱ्याच वेळानं त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तुमा दोघीले मीच धाडलं होतं. मोठीले म्हटलं, लहानी घरी हाय. लहानीले म्हटलं, मोठी देवळातून येऊन राहिली."

मंजुषाचं ब्लेड थांबलं. "कावून, आई?"

"मले एक दिवस घर एकटीले पायजे होतं." बाईंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "लगन होऊन आली तवापासून ह्या घरात मी एक दिवस एकटी नाई राह्यली. आंधी सासू, मंग लेकरं, मंग तुमी. म्हटलं, एक दिवस आपल्या मतानं उठाव, आपल्या मतानं न्हाव. दोन बादल्या गरम पाणी घेतलं. अन् पडली."

त्यांना सगळं पहिल्यापासून आठवत होतं. दवाखान्यात असताना लाज वाटली म्हणून बोलल्या नाहीत. घरी आल्या तोवर सुना इतकं भांडल्या होत्या की सांगायची हिंमत झाली नाही. आज पुन्हा पडायची वेळ आली तेव्हा वाटलं, हे पोटात घेऊन गेले तर बरं नाही.

मंजुषाला काय वाटलं ते तिला नंतरही नीट सांगता येईना. राग यायला हवा होता, तो पुरता आला नाही. सात महिने ज्या गोष्टीवर ती अडून बसली होती ती खरी होती; आणि चंदाची गोष्टही तितकीच खरी होती. तिनं चंदाकडे पाहिलं. चंदाचं उसवणं चालूच होतं.

खाली बघूनच चंदा म्हणाली, "आईनं धाडलं असन. पण माह्या मायचं जे बोलल्या, थे तर तुमीच बोलल्या ना, बाई."

मंजुषानं एक टाका कापला, दुसरा कापला.

"हो," ती म्हणाली. "थे मीच बोलली. बोलाचं नव्हतं."

चंदानं मान हलवली. मग हळूहळू, अधूनमधून दातानं दोरा तोडत, तिनं आपली माय गेली त्या दिवसाचं सांगितलं. आईचं जास्त झाल्याचा फोन दुपारी आला होता. ती तशीच निघाली, पण अमरावतीला अचलपूरची गाडी सुटून गेली होती आणि पुढची यायला सव्वा तास लागला. पोचली तेव्हा कॉटवरची चादरही बदलून झाली होती. नऊ वर्षं एका घरात राहून मंजुषानं हे कधी विचारलं नव्हतं. तिनं उठून दोघींसाठी चहा ठेवला, मग आठवून सासूबाईंसाठीही.

पडदा दुपारपर्यंत सुटा झाला. मांजरपाट आता आटून आखूड झाला होता, म्हणून मंजुषानं त्याला खाली चटणीरंगाच्या लुगड्याची पट्टी जोडली. या वेळी अस्तर फक्त वरून पकडायचं, खालची शिवण दोन्हींची वेगवेगळी ठेवायची, म्हणजे एक आटला तरी दुसऱ्याला ओढणार नाही, असं तिनं सुचवलं. चंदाला ते पटलं. वरची शिवण मशीननं झाली, कडा चंदानं हातानं घातल्या. दिवेलागणीच्या आत पडदा दारात होता आणि पार्बताबाईंनी वॉकर घेऊन दोनदा जाऊन-येऊन बघितला.

भगवंतला हे सगळं जेवताना कळलं. त्यानं विचारलं, की आता स्वयंपाक एक करायचा का. मंजुषा नाही म्हणाली. तिकडे जीवननंही तेच विचारलं आणि चंदाही नाहीच म्हणाली, हे दुसऱ्या दिवशी दुकानात भावाभावांना कळलं. यात राग नव्हता. चंदाला सातच्या आत जेवायची सवय लागली होती आणि मंजुषाला नवाच्या आधी भूक लागत नसे. शिवाय चूल वेगळी झाल्यापासून मंजुषा भाजीत हवं तेवढं तिखट घालत होती.

पार्बताबाईंसाठी मात्र दोघींनी एक दिवस ठरवला. मार्गशीर्षात दोघी सकाळच्या गाडीनं गुरुकुंज मोझरीला गेल्या, शेजारणीला सांगून, की बाईंनी हाक मारली तरच आत जायचं. न्हाणीत आता भिंतीला धरायचा पाईप होता आणि फरशीवर रबराची चटई. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मंजुषानं जाताना एकदा आणि येताना एकदा फोन करून बघितला. दोन्ही वेळा बाईंनी उचलला आणि काही नाही, बसली हाय, एवढंच सांगून ठेवून दिला.

संक्रांतीनंतर चंदा दुपारची मशीनवर बसायला येऊ लागली. तिला मागच्या खोलीच्या खिडकीला पडदे करायचे होते. मंजुषानं तिला आधी मांजरपाट रात्रभर भिजत घालायला लावला. पहिली शिवण वाकडी गेली, दुसरीही गेली. तिसरीला मंजुषा उठून तिच्या मागे उभी राहिली आणि कपडा ओढू नको, तो आपला आपण जातो, म्हणाली. पार्बताबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. मशीन अधूनमधून थांबत होती आणि पुन्हा चालू होत होती.