धारोष्ण

यागोश म्हाताऱ्याने, म्हणजे माझ्या सासऱ्याने, आभाळात बंदुकीचे दोन बार उडवले तेव्हा मी लाकडी परातीतली साय काढत होते. दचकून हात हलला आणि सगळी साय फाटली.

"मामंजी, लांडगा आला की काय?"

"लांडगा नाही गं, पणतू!" म्हातारा दारातून ओरडला. "तुझी सून मेंढवाड्यामागे ओकतेय. पोट बघ कसं टम्म झालंय. आणखी काय पुरावा हवा?"

शेजारच्या झोपड्यांतून बाया धावत आल्या. राकिया, आमची घरची फळांची दारू, ओतली गेली. माझी सून क्सेनिया भिंतीला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक. ती काही बोलायला तोंड उघडणार तोच कोणीतरी तिचे मुके घेत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, झाला नाही.

लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात मी मेंढ्या घेऊन सिन्यायेविनाच्या पठारावर येते. पहाटे धारा, मग गाळणं, साय, चीज, भांडी, संध्याकाळी पुन्हा धारा. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत. नवरा गेला. मुलगा ब्लागोटा खाली कोटोरला ट्रक चालवतो, रविवारी पीठ-मीठ टाकून जातो. यंदा त्याने बायको आणून सोडली, दुकानात गल्ल्यावर बसणारी. मी म्हटलं, आठवड्यात पळेल. पण पोरीचा हात बसला. माझ्यापुढे लाथा झाडणाऱ्या मेंढ्या तिच्यापुढे गुमान उभ्या राहू लागल्या. आता दिवस गेले म्हटल्यावर ब्लागोटा तिला खाली नेणार आणि मी पुन्हा एकटी. एकटीने हे आता माझ्याच्याने होत नाही. शरदात कळप विकावा लागला असता.

त्यात आमच्या घरची रीत अशी, की नव्या सुनेने पहिला उन्हाळाभर रोज सकाळी पहिल्या मेंढीचं धारोष्ण दूध सगळ्यांसमोर प्यायचं. वाडग्यात उरलं तर मेंढ्या आटतात म्हणे. बार उडवल्यापासून म्हाताऱ्याने वाडगा दुप्पट केला. "आता दोघांचं आहे," म्हणायचा.

दोन-तीन दिवसांनी क्सेनिया मला झऱ्यावर सापडली. बादल्या पडल्या होत्या, ती पोट दाबून वाकली होती.

"कितवा लागलाय?" मी विचारलं.

"कुठलाच नाही, आई. कालच पाळी आली."

"मग हे काय?"

"दूध. डॉक्टर म्हणाले होते, दुधातली साखर माझ्या पोटाला पचत नाही. पण आजोबा म्हणाले, पाकिटातलं दूध मेलेलं असतं म्हणून बाधतं, कच्चं कधी बाधत नाही. मलाही वाटलं, असेल तसं."

"आणि इतके दिवस गप्प बसलीस?"

"बंदूक उडाल्यावर काय बोलणार?"

मी खडकावर टेकले. नातवंड नाही हे ऐकून मला हायसं वाटलं. आजीला असं वाटू नये, पण वाटलं. मला नातवंडाच्या आधी दोन हात हवे होते.

"मी जाते खाली," ती म्हणाली. "दूध न सोसणाऱ्या बाईचं इथे काय काम?"

"गेल्या वर्षीचं कडक चीज खातेस ना?"

"ते सोसतं. दहीही, थोडं."

"मग गप्प बस आणि बादल्या उचल."

दुसऱ्या दिवशी म्हातारा वाडगा घेऊन मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा होता. शेजारीण पेत्रुशा तर रोज तमाशा बघायला यायचीच.

"मामंजी, ठेवा तो वाडगा," मी म्हटलं. "पोरीला दिवस गेलेले नाहीत. तिला दूध सोसत नाही."

"अगं बाई!" पेत्रुशा म्हणाली. "मेंढपाळाच्या घरी अशी सून! उद्या म्हणेल, लोकर टोचते."

म्हाताऱ्याने वाडगा तसाच पुढे धरला. "कच्चं दूध बाधत नाही. मी आयुष्यभर त्यावरच जगलो."

"तुम्ही जगलात. तिला बाधतं."

"पणतू नाही?"

"नाही."

त्याने वाडग्यात बघितलं. "पणतू नाही, दूधही प्यायचं नाही. मग ही इथे आहे कशाला?"

क्सेनियाने केव्हाच बादली उचलली होती.

"धारा काढायला, आजोबा. जरा सरका, वाटेत उभे आहात."

कोणी हसलं नाही. म्हातारा सरकला. मग वाडगा त्याने स्वतःच तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. दाढीवरून दूध ओघळलं, डोळ्यांतूनही पाणी. मला त्याची फार दया आली. पाठ फिरवून तो झोपडीत गेला.

मीही माझी बादली घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी कुंपणाच्या दगडावर बसले. क्सेनियापुढे एकेक मेंढी येत होती, जात होती. माझ्या वाटणीच्याही तिने घेतल्या.

"आई, येताय ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"आले," मी म्हटलं, आणि बसूनच राहिले.