डाळ शिजवणारं पाणी

जळगाव जामोदला पीठगिरणीच्या शेडमागे माझं बाटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, पण आसपासच्या खेड्यांत विजेचा पत्ता नव्हता. गिरणीच्या इंजनाला पट्टा लावून मी डायनॅमो फिरवायचो आणि सहा बाटऱ्या तारेनं एकीला एक जोडून त्यांची माळ करायचो. लाउडस्पीकरवाल्याची, ट्रॅक्टरची, पंचायतींच्या रेडिओंची, सगळ्या एकाच माळेत. लोक मला शालिग्राम मिस्तरी म्हणत आणि मी तेवढ्यानंच फुगायचो.

चार्जिंगनं बाटरीतलं पाणी आटतं. वरून घालायचं शुद्ध पाणी खामगावहून बाटल्यांतून यायचं. आमचा मुलूख खारपाण्याचा. बहुतेक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. म्हणून ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते, ती विहीर म्हणजे सोनं. पाहुण्याला पाणी तिथलं, बाळंतिणीलाही तिथलंच. त्या उन्हाळ्यात खामगावच्या बाटल्या आल्याच नाहीत. मी म्हटलं, ज्यात डाळ लोण्यासारखी शिजते, त्या पाण्यानं बाटरीला काय धाड भरणार आहे? माझ्या बायकोनं, कोकिळेनं, घागर गाळून भरून दिली. दोन महिने मी सगळ्या माळेला तेच पाजलं.

पहिली मेली ती कडूबाची बाटरी. खरं तर ती त्याची नव्हे, गावची. कडूबा पूर्णेकडच्या एका खेड्यातला तीन एकरांचा शेतकरी, माझ्याहून वयानं मोठा. पंचायतीचा रेडिओ त्याच्या स्वाधीन होता. रोज संध्याकाळी चावडीतलं कपाट उघडून तो बटण फिरवायचा, आणि त्यानं फिरवल्याशिवाय गावाला बातम्या नाहीत, एवढाच त्याचा मान. दर आठ दिवसांनी टोपल्यात कडबा घालून त्यात बाटरी बसवायची आणि डोक्यावर घेऊन तीन कोस चालत यायचं. बंडीत हादरे बसतात म्हणून तो बंडीत कधी आणत नसे.

ती बाटरी चार्ज धरेना, आणि कडूबा ती तशीच परत घेऊन गेला. खामगावला गेलो तेव्हा तिथल्या जुन्या मिस्तऱ्याला, नारायणरावांना, मी हळूच विचारलं. ते हसत सुटले.

"विहिरीचं पाणी? अबे, डाळ शिजते म्हणून बाटरी शिजवतं काय? गोड्या पाण्यातबी क्षार असतेच. मारली तू सगळी माळ!"

परत आल्यावर उरलेल्या पाच बाटऱ्या मी गुपचूप रिकाम्या केल्या, धुतल्या, नवं ॲसिड भरलं. कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

दोन दिवसांनी कडूबाच्या गावाहून बोलावणं आलं. चावडी भरलेली होती आणि बाटरी मधोमध ठेवलेली. सरपंच हिंमतराव म्हणाले, "मिस्तरी, तुमी जाणते. सांगा, कायनं गेली हे?"

मी बाटरी उचलली, हलवली, कानाशी धरली. निव्वळ नाटक. पाणी माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. सगळे माझ्याकडे वैद्याकडे पाहावं तसे पाहत होते, आणि ते पाहणं मला सोडवेना.

"आतल्या पट्ट्या ढासळल्या," मी म्हटलं. "कुठंतरी आपटलेली दिसते."

कडूबाकडे मी पाहिलं नाही. "म्या? आपटली?" एवढं कानावर आलं. त्यानं वाद घातला नाही. मिस्तरी म्हणतो म्हणजे खरंच असेल. कनवटीची कपाटाची किल्ली सोडून त्यानं पुढ्यात ठेवली, आणि ती सरपंचांच्या पुतण्यानं उचलली. त्या दिवसापासून गाव कडूबाला फोड्या म्हणायला लागलं.

पंधरा दिवसांनी तो दुकानावर आला, डोक्यावर टोपलं न घेता.

"मिस्तरी, म्या रोज त्या रस्त्यानं चालून पाहून राह्यलो. नाल्यापाशी एक दगड हाये. तिथं घसरला होता काय माया पाय? काही आठवत नाही. घरची म्हणते, तुमचे हात कापतेत आता. तुमीच सांगा, कायावर आपटली असंल?"

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते जरासुद्धा कापत नव्हते.

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. बाटरी काय, दुसरी मिळते. या माणसाचा त्याच्या स्वतःच्या हातांवरचा भरवसा मी काढून घेतला होता. मी सगळं सांगून टाकलं. विहीर, घागर, नारायणरावांचं हसणं. वाटलं, आता शिव्या देईल, एखादी कानाखाली ठेवून देईल. दिली असती तर बरं झालं असतं. पण कडूबा हसला.

"म्हंजे म्या नाही आपटली?"

"नाही."

"आईच्यान?"

"आईच्यान."

त्याचे डोळे भरून आले. धोतराच्या सोग्यानं पुसत तो म्हणाला, "मंग गावात येऊन एवढं सांगून द्या. तुमचं नाव नोका घेऊ. पाणी खराब आलं म्हणा. पण कडूबानं नाही आपटली, एवढं म्हणा."

"उद्या येतो," मी म्हटलं.

"म्या बंडी घेऊन येतो तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोटारीनं मी खामगाव गाठलं. काम काहीच नव्हतं. बाजारात हिंडलो, चार वेळा चहा घेतला, आणि दिवस मावळताना घरी आलो. कोकिळेनं ताट वाढलं.

"कडूबाभाऊ आले होते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी बंडीत घोंगडी अंथरून आणली होती. दुपारपर्यंत बसले. जाताना म्हणे, मिस्तरीले काम निघालं असंल, मी उद्या येतो पुन्हा. काय कबूल केलं हाये तुमी त्याहिले?"

"काही नाही," मी भाकरी मोडत म्हटलं. "बाटरी आपटली त्यानं. तेच विचारत फिरतो."