घरचा हात आणि किनाऱ्यावरचा हात

मी एक जुनी ताडपत्रीची पिशवी आहे. मित्रांनो, घाबरू नका. हवे तर दिवा चालू ठेवा. मला उजेडाचा काही उपयोग नाही, कारण मला डोळे नाहीत. मला एक मोठे तोंड आहे, खांद्याला अडकवायचा पट्टा आहे आणि आत भरपूर अंधार आहे. माणसे मी हातांवरून ओळखते. त्यात आपली कधी चूक होत नाही, असा माझा समज होता.

ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या तुकड्यातून मला शिवले. शिवताना त्याची सुई मोडली. तो वैतागून माझ्या मालकांना म्हणाला, “घेऊन जा ही. तुला पुरून उरेल!” मालक मोठ्याने हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखेच होते.

माझे मालक दिवसा गॅरेजमध्ये इंजिने दुरुस्त करत आणि जमेल तेव्हा रात्री समुद्रावर मासे धरायला जात. होडीतून नव्हे. लाटांच्या फेसात गुडघाभर उभे राहायचे, रॉडने गळ लांब फेकायचा, रॉड वाळूत रोवलेल्या पाइपात ठेवायचा आणि त्याच्या शेंड्याला चिमट्याची छोटी घंटी लावून थांबायचे. घंटी वाजली की धावायचे.

या कामाचे सगळे सामान माझ्या पोटात असे. ते भरण्याची एक रीत होती. किनाऱ्यावर जे सगळ्यात आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी भरायचे, म्हणजे अंधारात हात घातला की तेच हाती येते. शिशाची वजने जुन्या मोज्यात, म्हणजे वाजत नाहीत. गळ बुचात टोचून. सुरी सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात. घंटीत कापसाचा बोळा. आणि टॉर्चमधला एक सेल उलटा घालायचा, म्हणजे धक्क्याने बटण दाबले गेले तरी टॉर्च आतल्या आत जळत राहत नाही. किनाऱ्यावर पोचल्यावर सेल सरळ केला की झाले.

घरी हे सारे भरणारा हात उबदार, कोरडा आणि साबणाच्या वासाचा असे. किनाऱ्यावर आत येणारा हात थंडगार आणि ओला असे. त्याला खवले चिकटलेले असत आणि त्याखाली ग्रीसचा वास असे. तो हात नेमकी वस्तू उचली, मग वाळू जाऊ नये म्हणून माझे तोंड दोनदा दुमडी आणि वर एक थाप मारी. दर वेळी. माणसाचे हात घरी वेगळे आणि पाण्यापाशी वेगळे होत असतील, असे मला वाटे.

मालकांचे एक दोस्त नेहमी माझे कौतुक करत. “पिशवी आहे की कपाट रे? आमच्या पिशवीत स्वतःचा हातसुद्धा सापडत नाही!” या दोस्तांना घरात ‘खारट काका’ म्हणत. मालकांच्या लेकीने लहानपणी त्यांच्या मनगटाला चावा घेऊन तसा निकालच दिला होता.

मग एके सकाळी घरच्या हाताने मला नेहमीसारखे भरले आणि मागच्या खोलीच्या दारामागे खुंटीला अडकवले. दुपारी गॅरेजमधून फोन आला. संध्याकाळपर्यंत दाराबाहेर खूप चपला वाजल्या. नंतर काहीच वाजले नाही. किनाऱ्यावरचा हात मला न्यायला आला नाही.

एक वर्ष आणि वर थोडे दिवस मी भरलेलीच लटकत राहिले. त्या खोलीत कोणी येत नसे. मित्रांनो, आता सांगते ते मला अजून उलगडलेले नाही. समुद्र घरापासून बराच लांब आहे. तरी माझ्या शिवणीत अडकलेली वाळू भरतीच्या वेळी ओली व्हायची आणि ओहोटीला सुकायची. आणि घंटी, बोळा घातलेली असूनही, कधी कधी हलायची. आवाज येत नसे. नुसती हलायची.

मग या थंडीत एक नवा हात आला. नखे खाल्लेली. ती लेक होती, आता मोठी, नोकरी करणारी. बाबांनी तिला रात्रीच्या मासेमारीला न्यायचे कबूल केले होते आणि ते राहून गेले होते. तिने मला उलटी करून रिकामी केले, पुसले, मोजा, बूच आणि ट्यूबचा तुकडा कचरा समजून बाजूला ठेवले, टॉर्चमधले पाझरलेले सेल फेकले. एक सेल उलटा पाहून ती म्हणाली, “घाईत होते वाटतं.” नवे सेल तिने दोन्ही सरळ घातले.

“आई, बाबा वजनं कुठं ठेवायचे गं?” तिने हाक मारून विचारले.

“त्या खोलीतलं मला काही विचारू नकोस,” स्वयंपाकघरातून उत्तर आले. “आणि जायचंही नाव काढू नकोस. एकाची वाट बघून झाली माझी.”

लेकीने प्रवासाची बॅग भरावी तसे मला भरले. टॉवेल तळाशी, सुरी उघडी, सगळे छान घडी घालून. दुपारी खारट काका आले आणि लेकीला म्हणाले, “डोळे मिट, ठमाबाई. वजन काढून दाखव.” तिने हात घातला आणि लगेच ओरडली. अंगठ्यात गळ गेला होता.

काकांनी तो काढला. मग ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघ, रागावू नकोस. तिथं आपण उजेड पाडत नाही, पाण्यावर उजेड पडला की मासे पांगतात. आणि लाट आली असताना तू पिशवीत चाचपडत बसलीस तर मी तुझ्या आईला तोंड दाखवू शकणार नाही. संध्याकाळी येतो. तेव्हा डोळे मिटून जमलं तर चल. नाहीतर मी एकटा जातो. आणि या खेपेनंतर माझं रात्रीचं बंद. गुडघे राजीनामा देऊन बसलेत.”

लेकीने पुन्हा सगळे भरले. चुकीचेच भरले, पण मी कशी सांगणार? मग ती आमिष आणायला बाहेर गेली.

खोली गप्प झाली. दार आवाज न करता उघडले. आणि माझ्या तोंडातून एक हात आत आला.

उबदार. कोरडा. साबणाचा वास.

मी तो ओळखला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो घरचा हात. सामान बाहेर गेले आणि रीतीने परत आले. वजने मोज्यात, सुरी ट्यूबमध्ये, गळ बुचात. शेवटी टॉर्च उघडल्याचा आवाज झाला. मग दार पुन्हा तसेच मिटले.

लेक परत आली. तिने टॉर्च दाबला. लागला नाही. तिने तो उघडला, आतला उलटा सेल बाहेर काढला. मग घाईघाईने तिने मोजा चाचपला, ट्यूब चाचपली.

“आई, तू या खोलीत आली होतीस?”

“मी कशाला येते तिकडं?”

लेकीने सामान पुन्हा उपसले आणि मुद्दाम आवाज करत वाटेल तसे भरले. पावले वाजवत ती बाहेर गेली, आणि अनवाणी, चोरपावलांनी परत येऊन दारामागे माझ्या शेजारी उभी राहिली. बाहेर दिवेलागणीची वेळ झाली असावी. खोलीतला दिवा तिने लावला नाही.

दार उघडले. घरचा हात आत आला. त्याच्या मागोमाग दुसरा हात माझ्या अंधारात घुसला आणि त्याने पहिल्या हाताचे मनगट घट्ट पकडले.

“अगं बाई, हळू!” आई म्हणाली. “गळ आहेत.”

दोन्ही हात माझ्या आतच राहिले.

“तू? दर वेळी तूच भरायचीस?”

“मग काय ते भरणार? त्यांना स्वतःचे मोजे सापडत नसत.”

लेक हसली आणि ते हसणे मध्येच मोडले. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस.” आईची बोटे सुरीपाशी गेली. “ठरवलं होतं, हात लावायचा नाही. पण तू सुरी उघडी ठेवलीस, ठमे. बघवेना मला.”

माझी चूक मला तेव्हा कळली. इतकी वर्षे जो एक माणूस मी समजत होते, ती दोन माणसे होती.

दोघींनी सामान पुन्हा रीतीने लावले. “डोळे मिट,” आई म्हणाली. तिने लेकीचा हात आपल्या हातात घेऊन माझ्या आत वरून खाली फिरवला, पुन्हा फिरवला, मग सोडून दिला. खारट काका आले तेव्हा त्यांनी मागितली ती वस्तू लेकीने न चाचपडता काढून दिली. काका नुसते “चला” म्हणाले.

निघताना आईने मला लेकीच्या खांद्यावर चढवले. “तोंड दुमडायला विसरू नकोस. हे कधी विसरले नाहीत. घरात वाळूचा कण यायचा नाही.”

किनाऱ्यावर काळोख होता आणि लाटांचा तो जुना आवाज होता. लेकीने सेल सरळ केला, घंटीतला बोळा काढला, रॉड लावला. बराच वेळ गेला. मग घंटी खणखणली. लेक मला तशीच उघडी टाकून धावली.

“पाण्याकडे पाठ करू नकोस, ठमाबाई!”

“नाही हो करत!”

दोघांचे आवाज लांबून, पाण्यातून येत होते. वारा सुटला होता. माझ्या उघड्या तोंडात वाळू पडू लागली.

तेव्हा माझ्या तोंडाच्या काठावर एक हात आला.

थंडगार. ओला. खवले चिकटलेला, आणि त्याखाली ग्रीसचा वास. त्याने काहीही घेतले नाही. माझे तोंड एकदा दुमडले, दोनदा दुमडले. वर एक थाप मारली.

थोड्या वेळाने लेक धापा टाकत आली. तिची बोटे माझ्या दुमडीवर येऊन थांबली.

“काका, पिशवी तुम्ही बंद केलीत?”

“मी तुझ्याच बाजूला उभा होतो ना गं?”

तिने ओला हात माझ्यावर ठेवला, नेमका त्याच जागी, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

काकांच्या गुडघ्यांनी राजीनामा मागे घेतला, आणि आता मी पुन्हा कामाला लागले आहे. घरी आल्यावर आई मला गोड्या पाण्याने धुते, लेक उन्हात टांगते. माझ्या शिवणीतली वाळू आता सुकलेलीच असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पिशवी असेल, डबा असेल, हत्यारांची पेटी असेल. ती कोण भरून ठेवते, ते कधीतरी दारामागे उभे राहून बघा. आणि काम झाले की तिचे तोंड आठवणीने बंद करा. तुम्ही विसरलात, तर कोणाला तरी फार लांबून यावे लागते.