तळावरचं यंदाचं चित्र

चित्र: काठ्या ओढणारा कुत्रा.

अमेरिकेतल्या लकोटा आदिवासींच्या माळरानावर तेव्हा ना घोडा आला होता ना गोरा माणूस. तळ हलला की तंबूच्या काठ्या कुत्रे ओढत. रेमंडच्या घरचं चित्रांचं बायसनचं कातडं या चित्रापासून सुरू होतं. पुढं दर हिवाळ्याला एक चित्र. एकच.

चित्र: अजून नाही.

जानेवारी एक्क्याण्णव, आखाती युद्ध. सौदीतल्या अबकैकजवळच्या इस्पितळात अमेरिकन शिपाई रेमंड, ट्रक उलटून उजवा हात प्लास्टरमध्ये. चार वाजता त्याला जर्मनीला हलवणार. चित्रं राखणारा आजा घरी शेवटच्या दुखण्यात. यंदाचं काम त्यानं नातवावर टाकलेलं. आणि तळ सुटला की मग चित्र ठरवता येत नाही, अशी रीत. आज राहिलं तर आजा रिकामी जागा मागं ठेवून जाणार.

"सांग, मी काढते," श्यामला सिस्टर म्हणाली. तिची ही सलग तिसरी ड्यूटी. पायांचे ओंडके झाले होते.

चित्र: क्षेपणास्त्र. खोडलं.

"ते टीव्हीवर जगानं पाहिलं," रेमंड म्हणाला. "तळावरच्या सगळ्यांनी पाहिलेलं हवं. सगळ्यांना पटायलाही हवं."

"इथं कुठला आलाय तळ?"

त्यानं हनुवटीनं वॉर्ड दाखवला.

चित्र: उंटीण. खोडलं.

पलीकडच्या खाटेवरच्या, वाळवंटात भटकणाऱ्या बदू म्हाताऱ्याची उंटीण सायरनला बुजून पळाली होती. त्याचं अरबी वॉर्ड झाडणाऱ्या रत्नागिरीच्या वहाबनं उलगडलं, वर स्वतःची पुस्ती जोडली. "पण ती चाचांशिवाय बघितली कोणी? आम्ही सगळ्यांनी बघितलं ते सांगू? परवा सिस्टर थर्मामीटर धरून उभ्या उभ्या झोपल्या. सायरन वाजतोय, सगळे गॅसचे मास्क चढवून बसलेत, ह्या आपल्या घोरतायत."

"वहाबभाई, पुरे."

"मीही ऐकलं," रेमंड म्हणाला.

वहाबनं अरबीत सांगताच म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "वल्ला," अशी देवाशपथ घेऊन त्यानं मान डोलावली.

साडेतीन झाले होते. श्यामलाला लाज वाटली नाही. लाजायलाही अंगात बळ लागतं. तिनं तापाच्या तक्त्याची मागची बाजू घेतली.

चित्र: टोपी. मिटलेले डोळे. हातात काडी. भोवती मास्कवाले तिघं.

"तुझे आजोबा विचारतील, ही कोण?"

"नावं लिहीत नाहीत. तळावरची बाई, बस."

कागद म्हाताऱ्याकडे गेला. त्यानं तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, मग बोटानं खालची कोरी जागा दाखवून काहीतरी पुटपुटला.

"म्हणतात, हिच्या पायाखाली जमीन काढा," वहाब म्हणाला. "पडेल ती."

स्ट्रेचर दाराशी आलं होतं. श्यामलानं कागद भिंतीला टेकवला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली.