नववा रॉड

डब्यात नऊ रॉड होते. आठांना खाच होती.

मी पुन्हा मोजले. भिंग डोळ्याला लावून एकेक रॉड दिव्याखाली फिरवला. नववा गुळगुळीत होता, साधा ओरखडाही नाही. चांगला भाग हाती आला की बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही.

स्टिअरिंग फिरवलं की पुढचं चाक वळतं ते या टाय-रॉडमुळे. तो तुटला तर चाक आपल्या मर्जीने वळतं. म्हणून कारखान्यात एक कॅमेरा प्रत्येक रॉड तपासतो, आणि त्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला आम्ही मुद्दाम खाच पाडलेले नऊ रॉड चांगल्या रॉडांत मिसळून पाठवतो. त्याने नऊच्या नऊ बाहेर टाकले की तो पास. पूर्वी हे नऊ लाल रंगवलेले असत. नोकरीला लागल्यावर चौथ्या महिन्यात मला शंका आली, की कॅमेरा खाच बघतच नसेल, रंग बघत असेल. मी एक चांगला रॉड लाल रंगवून पाठवला. तोही बाहेर पडला. मग मी नवे नऊ कापले, बिनरंगाचे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली.

बिनरंगाची परीक्षा एकदाच झाली होती, सहा दिवसांपूर्वी. कॅमेऱ्याने नऊ रॉड बाहेर टाकले, हेच डब्यातले नऊ. मी नऊ मोजले आणि सही केली. मोजले, बघितले नाहीत.

मी सरांच्या खोलीत धावले. आमच्या मॉडेलचा सगळा कारभार त्यांच्याकडे. पहिल्या रेखाटनापासून शेवटची गाडी भंगारात जाईपर्यंतच्या तारखा त्यांना पाठ, म्हणून त्यांच्यामागे सगळे त्यांना ‘कॅलेंडर’ म्हणतात.

“सर, खाचवाला एक रॉड गाडीत गेलाय. एक चांगला बाहेर पडला, आकडा जुळला.”

त्यांनी कप खाली ठेवला. “त्या परीक्षेत पास झालेल्या रॉडांच्या ट्रेमधून किती गाड्या झाल्या?”

“बारा.”

यादीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं. “अकरा आवारातच उभ्या आहेत.” बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं, पण पुढचं नाव वाचलं नाही.

विक्री सुरू होण्याआधी काही गाड्या आम्ही कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना महिनाभर चालवायला देतो. लोक गाडी जशी दामटतात तशी ती आमच्याकडून दामटली जात नाही. बारावी गाडी कुणाकडे आहे ते मला माहीत होतं. दादाचा अर्ज मीच भरला होता.

“आधी आवारातल्या तपासू,” सर म्हणाले. “कदाचित त्यांच्यातच असेल.”

“त्याला तीन तास लागतील. दादा आज घाटातून जाणार होता, वहिनी आणि पिल्लूला घेऊन.”

“मग उभी काय राहिलीस? फोन लाव!”

पहिल्यांदा चौदा वेळा रिंग वाजली. दुसऱ्यांदाही चौदा. तिसऱ्यांदा वहिनीने उचलला.

“अगं, हा चालवतोय. थांब, स्पीकरवर टाकते.”

“बोला मोजपट्टी!” दादा ओरडला. लहानपणी मी झोपलेल्या मांजराची शेपटी मोजली होती, तेव्हापासून हेच नाव.

“दादा, कुठे आहेस?”

“घाट उतरतोय. गाडी झकास आहे हं तुमची. फक्त उजवीकडे वळवली की कट्कन वाजतं. तुझ्या त्या फॉर्मात लिहिलंय मी, इमानदारीत.”

“कधीपासून वाजतं?”

“कालपासून. का गं?”

मागे त्यांची लेक पिल्लू कसलंसं गाणं बडबडत होती.

“गाडी थांबव. आत्ता.”

“इथे? डोकं फिरलंय का? मागे ट्रक आहे. दोन वळणांनंतर मोकळी जागा आहे, तिथे लावतो.”

दोन वळणं. आणि मागे ट्रक. दोन्हींतलं कमी वाईट काय, हे ठरवायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

“वळणापर्यंत जाऊ नकोस. आहेस तिथेच, सरळ रस्त्यात, हळूहळू ब्रेक लाव. दिवे लुकलुकते ठेव. स्टिअरिंग हलवू नकोस.”

“अगं पण—”

“पण-बिण नको! तुझ्या गाडीतला रॉड कापलेला असेल. मी कापलाय, माझ्या हाताने!”

पलीकडून ट्रकचा भोंगा ऐकू आला, लांबलचक. वहिनी किंचाळली. फोन कशावर तरी आपटला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एकोणीस सेकंद गेले.

“थांबलोय,” दादाचा आवाज आला, अगदी बारीक. “ट्रकवाला घासून गेला. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला. आता?”

“सगळे उतरा. डोंगराच्या बाजूने गाडीपासून लांब जा. आम्ही येतोय.”

“मोजपट्टी, रडतेयस का तू?”

“नाही.”

“बरं. इथे आम्ही तिघंही रडतोय.”

सर आणि मी मेकॅनिकला घेऊन निघालो. वाटेत आवारातून तीनदा फोन आला. चार गाड्या ठीक. आठ ठीक. अकराही ठीक. म्हणजे उरली एकच.

वहिनी पिल्लूला छातीशी धरून एका दगडावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. दादा मात्र उठून आला आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला. मेकॅनिकने उजवं चाक काढलं, रॉडला पाना लावला आणि अर्धा आटा फिरवला. रॉडचे दोन तुकडे झाले. एक त्याच्या हातात राहिला, दुसरा रस्त्यावर पडला.

तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. जुन्या चिरेचा भाग काळपट, आत्ता तुटलेला, म्हणजे इथवर धरून राहिलेला, चकचकीत. दादाने तुकडा धरला आणि मी तीनदा मोजलं.

रॉडचा व्यास: चौदा मिलिमीटर. चकचकीत भागाची जाडी: एक पूर्णांक चार.